फूटपट्टी धरलेला हात

"ए पोरी, कडेवर पाय देऊ नको!"

शेवंताबाईंच्या तोंडचं मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. युट्रेख्टला आमच्या गल्लीतला रस्ता तेव्हा उकरलेला होता. इथे गल्लीबोळांतले रस्ते विटांचे असतात. विटा काढायच्या, खालचे पाइप बघायचे, वाळू सारखी करायची आणि त्याच विटा परत बसवायच्या, असा उद्योग वर्षभर कुठे ना कुठे चालू असतो. मला ऑफिसला उशीर झाला होता. सायकल हातात धरून मी खड्ड्याच्या काठाकाठाने निघाले होते, तेवढ्यात मराठीतून दरडावणी आली. अर्थ डोक्यात शिरायच्या आधीच पाय मागे झाले.

खड्ड्यापलीकडे साठीच्या पुढच्या एक ठेंगण्या बाई उभ्या होत्या. गुलबक्षी लुगडं, त्यावर कुणातरी उंच माणसाचं गुडघ्यापर्यंत आलेलं जाकीट, पायात पळायचे बूट. त्यांच्या दोन बाजूंना विटा बसवणारे दोन धिप्पाड डच गडी, स्टीलच्या पेल्यांतून चहा पीत.

"कड ढासळली की समदं गेलं," त्या मला म्हणाल्या. "मंग वाचनार काय?"

"इथे काय वाचायचंय?"

त्यांनी खड्ड्यात वाकून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "हितं काय न्हाई. वर विटा, खाली वाळू, वाळूखाली परत वाळू. गाव हाये का सतरंजी?"

गडी हसले. त्यांना मराठी येत नव्हतं, ह्यांना डच येत नव्हतं. तरी खड्डा उघडा होता तोवर रोज सकाळी तिथे ही बैठक भरायची. एकदा पाहिलं तर विटांची ओळ धरायच्या दोरीचं एक टोक गड्याच्या हातात आणि दुसरं शेवंताबाईंच्या. त्या गड्याने मला इंग्रजीत विचारलं, "ह्या बाई इंजिनिअर आहेत का? आमची दोरी तिरपी आहे हे आमच्याआधी ह्यांना दिसलं."

त्याने निदान विचारलं तरी. आमच्या मराठी मंडळाने तेवढीही तसदी घेतली नाही.

शेवंताबाई आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या प्रशांत गायकवाडच्या आई. मी तळमजल्यावर. प्रशांत इथल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमधला बऱ्यापैकी मोठा माणूस, एकटा राहणारा. आई तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या. उघड कारण मुलाचं घर बघणं, आणि छुपं कारण त्याला लग्नाला तयार करणं. दुसऱ्या कामात यश येईना, म्हणून त्यांनी पहिलं फार मन लावून केलं. आठवड्याभरात त्या घरात अशी एकही वस्तू उरली नाही जिच्यावर चिठ्ठी नव्हती.

बर्फ मागायला गेले तेव्हा मी त्यांचा फ्रीजर उघडला. आत पिशव्यांची रांग. प्रत्येकीवर चिठ्ठी, 'मेथी. खालचा कप्पा. डावी बाजू. मंगळवार.' पिशवी उघडली तर आतही तीच चिठ्ठी.

"काकू, दोन-दोन कशाला?"

"एक भायेर, एक आत. भायेरची उंदरानं खाल्ली तर आतली ऱ्हाती."

"फ्रीजरमध्ये उंदीर?"

"सवय असती, बाई."

ही सवय त्यांना उत्खननाने लावली होती. त्यांच्या सासरच्या गावाबाहेर, नदीकाठी, पांढरीचं टेकाड होतं. जुनी वस्ती जिथे मातीत विरून गेलेली असते त्या राखाडी जमिनीला आपल्याकडे पांढरी म्हणतात. गावचे लोक तिथली माती गाड्या भरून शेतात नेऊन टाकायचे. एका हिवाळ्यात पुण्याहून माणसं तंबू घेऊन आली आणि मग दर हिवाळ्यात येत राहिली. शेवंताबाई तेव्हा नुकत्या लग्न होऊन आलेल्या. त्या रोजाने माती वाहायला लागल्या. आधी पाटी, मग चाळणी, मग ब्रश. बावीस हंगाम.

तिथून त्या एक नियम घेऊन आल्या होत्या आणि तो त्यांनी जगातल्या सगळ्या गोष्टींना लावला होता. "आधी बुरूस, मग खुरपं, मग तोंड." म्हणजे आधी धूळ झाडा, मग हलक्या हाताने खरवडा, आणि काय दिसलं ते त्यानंतर बोला. मी एखादी बातमी वाचून तावातावाने वर गेले की त्या पोळी लाटता लाटता विचारायच्या, "बुरूस मारलास का?" मी मारलेला नसायचा. मी थेट पहारीने सुरुवात करणारी.

त्याचं कारण माझ्या घरात आहे. सांगलीत आजोबांचा छोटा छापखाना होता आणि तिथे लग्नपत्रिकांपेक्षा पत्रकं जास्त छापली जायची. कामगारांची, मोर्च्यांची, निषेधाची. मी अक्षरं त्या पत्रकांवर शिकले. बाकीच्या मुलांना 'कमळ' वाचता यायच्या वयात मला 'धिक्कार' वाचता येत होता.

एके दिवशी शेवंताबाई मोठ्या मानाने म्हणाल्या, "माझा फोटू हाये पुस्तकात." आणि कपाटातून घडी घातलेलं एक झेरॉक्सचं पान काढलं. काळापांढरा फोटो, खणलेल्या खड्ड्याची उभी भिंत, भिंतीत थर. भिंतीला टेकवून पट्ट्या-पट्ट्यांची एक लांब फूटपट्टी उभी केलेली, थरांची जाडी कळावी म्हणून. आणि चौकटीच्या अगदी कडेला फूटपट्टी धरलेला एक हात. मनगटावर चार बांगड्या. बस.

"तुम्ही कुठे आहात ह्यात?"

"ह्यो काय!" त्यांनी त्या हातावर बोट ठेवलं. "सायेब म्हनायचे, पट्टी धरा आन बाजूला व्हा. मी लई झ्याक बाजूला व्हायचे. दुसऱ्या बायांचं डोस्कं यायचं, पदर यायचा. माझा फकस्त हात. म्हनून पट्टी धरायला मलाच बोलवायचे."

त्यांना त्याचा अभिमान होता. मला संताप आला. त्याच दुपारी खाली येऊन मी दोन पानी पत्रक लिहून काढलं. मथळा, 'हात दिसतो, चेहरा कुठे आहे?' संध्याकाळी वर जाऊन ते त्यांना खड्या आवाजात वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "चाळू का?"

आणि चाळायला बसल्या. "पिचलेली काढ. मी पिचलेली न्हवते, दोन पाट्या एकावर एक उचलायचे. उपाशी काढ, डबा असायचा. मूक म्हंजी?"

"न बोलणारी."

"मी? सायेब कावायचे की माझ्या बडबडीला. काढ ते."

असं चाळता चाळता दोन पानांतून दोन वाक्यं उरली. 'शेवंता गायकवाड ह्यांनी बावीस हंगाम उत्खननावर काम केलं. फोटोतला हात त्यांचा आहे.' दोन वाक्यांचं पत्रक कोण छापतं? मी ते वहीत ठेवून दिलं.

प्रशांतने मात्र आईविषयी एकच वाक्य तयार ठेवलं होतं. मंडळाच्या एका फराळाच्या कार्यक्रमात कुणीतरी विचारलं, "आई काय करायच्या?" तो म्हणाला, "आर्किऑलॉजीत होती. आता रिटायर्ड." ह्यातला एकही शब्द खोटा नाही. म्हणूनच ते वाक्य भारी होतं.

मंडळाचे अध्यक्ष दामलेसाहेब. त्यांना कोरी जागा सहन होत नाही. अर्ज असो, भिंत असो, कुणाच्या आयुष्यातली न सांगितलेली गोष्ट असो, ते ती भरतात. आणि आपल्या लोकांचा एक ठाम समज आहे, की मराठी माणूस एखाद्या क्षेत्रात नुसतं काम करत नाही, तो त्यात पीएचडी करतो. चष्मा आहे आणि माणूस गप्प आहे, म्हणजे डॉक्टरच. आठवड्याभरात मंडळाच्या ग्रुपवर पोस्टर आलं. 'वारसा भूमिगत! डोम चर्चच्या पोटात, रोमन अवशेषांच्या सान्निध्यात! विशेष मार्गदर्शन: डॉ. शेवंता गायकवाड, ज्येष्ठ पुरातत्त्वज्ञ, पुणे.' खाली अंगठे, फुलं आणि 'अभिमान वाटतो' ह्यांचा पाऊस. दुसऱ्या दिवशी कापडी फलकही छापून आला.

युट्रेख्टच्या डोम चर्चचा मनोरा एकीकडे आणि चर्च दुसरीकडे उभं आहे. मधला भाग साडेतीनशे वर्षांपूर्वी एका वादळात कोसळला, आता तिथे मोकळा चौक आहे. त्या चौकाखाली उतरता येतं. खाली कोसळलेल्या भागाच्या खांबांचे पाये आहेत, त्याहून जुन्या बांधकामांचे दगड आहेत, आणि सगळ्यात तळाशी रोमन सैन्याच्या किल्ल्याच्या भिंती. प्रशांतने विमानतळावरून येतानाच हे आईला सांगून ठेवलं होतं आणि तिथेच त्याची चूक झाली. त्या दिवसापासून शेवंताबाईंना ह्या देशात एकच गोष्ट बघायची होती. ट्युलिप नाही, पवनचक्की नाही. दर दोन-चार दिवसांनी त्या एकट्या चालत चौकात जायच्या, मध्यभागी उभ्या राहायच्या आणि बुटाच्या टाचेने फरशीवर दोनदा ठोकायच्या. परत आल्या की म्हणायच्या, "पांढरी हाये बग खाली. जाऊ कवा?" प्रशांतला मीटिंगा असायच्या.

आता जायचं ठरलं, पण डॉक्टर होऊन.

मी त्यांचं भांडं परत द्यायला वर गेले होते तेव्हा मायलेकांचं चाललं होतं.

"आई, एक दिवस फक्त," प्रशांत म्हणत होता. "हसायचं, नमस्कार करायचा. कोणी विचारलंच तर म्हण, बरीच वर्षं फील्डवर होते. खोटं नाहीये ते."

"आन डाक्टर?"

"ते मी लिहिलं नाही."

"पुसलंस का?"

प्रशांतने फोन पालथा ठेवला.

"मंग मी येत न्हाई," शेवंताबाई म्हणाल्या. "मला चौक वरनंच बरा."

हे त्या किती सहज बोलल्या, आणि त्यात काय सोडून देत होत्या, ते मला कळलं. म्हणून मी मध्ये पडले. "काकू, तुम्ही या! आणि सगळ्यांसमोर ठणकावून सांगा, पाट्या वाहिल्या म्हणून! त्या लोकांची तोंडं बघण्यासारखी होतील!"

प्रशांत माझ्याकडे वळला. मी त्याला आवाज चढवताना कधी ऐकलं नव्हतं, तेव्हाही त्याने तो चढवला नाही.

"तुला काय जातंय गं? तुझे आजोबा पत्रकं छापायचे ना? त्यावर एका बाईचं चित्र असायचं ना, डोक्यावर पाटी घेतलेल्या? ती माझी आई. शाळेत मला पाटीवालीचा पश्या म्हणायचे. दहावीपर्यंत. तुम्ही चित्र छापणारे. आम्ही चित्रातले."

मी हातातलं भांडं ओट्यावर ठेवलं. 

शेवंताबाई टॉवेलांच्या घड्या घालत होत्या. शेवटची घडी झाल्यावर म्हणाल्या, "येते मी. आपनहून बोलनार न्हाई. पन कुनी इचारलं तर खोटंबी बोलनार न्हाई. चालंल का?"

प्रशांतने क्षणभर विचार केला. आपल्या कार्यक्रमांत प्रमुख पाहुण्यांना कुणी कधी काही विचारतं का?

"चालेल," तो म्हणाला.

शनिवारी सकाळी तीसेक मराठी माणसं चौकात जमली. फलक धरायला दोघं, फलकाचा फोटो काढायला बाकीचे. एका काकांनी शंका काढली, "चपला-बूट काढायचे का? वर देऊळच आहे ना त्यांचं." ह्यावर गंभीर चर्चा झाली. एक बाजू म्हणाली, आपण देवाच्या खाली जातोय, म्हणजे प्रश्न येत नाही. दुसरी म्हणाली, खाली गेलं तरी आवार तेच. दोघांचे बूट निम्मे निघाले तेव्हा मार्लेन आली.

मार्लेन आमची मार्गदर्शक. स्वतः खणणारी, नखांच्या कडांत माती बसलेली. दामलेसाहेबांनी ओळख करून दिली, "धिस इज अवर डॉक्टर." मार्लेनने शेवंताबाईंशी हात मिळवला आणि तो हात रिवाजापेक्षा जरासा जास्त वेळ धरून ठेवला. मग प्रत्येकाच्या हातात एकेक टॉर्च दिला आणि आम्ही जिना उतरलो.

दुभाषी म्हणून मला पुढे ठेवलं होतं. खाली गार, ओलसर हवा. मुलं डचमधून खिदळत पुढे पळाली. मोठी माणसं दगडांकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढू लागली. शेवंताबाई मात्र उतरल्या त्या पायरीशीच उभ्या राहिल्या आणि त्यांनी खोल श्वास घेतला. "वास त्योच," त्या एवढंच म्हणाल्या.

मार्लेन रोमन शिपायांविषयी सांगत होती. दामलेसाहेबांना मध्येच राहवेना. "मॅडम, ह्यात आपलं काही कनेक्शन? मिरी वगैरे? रोमन लोक आपली मिरी खायचे म्हणतात."

शेवंताबाईंना विचारल्यावर उत्तर देणं भाग होतं. "आपलं कशाला पायजे? त्यांचं त्यांना असू द्या की."

"वा!" दामलेसाहेब सगळ्यांना म्हणाले. "केवढी वैश्विक दृष्टी!"

मग आम्ही त्या भिंतीपाशी आलो. बांधलेली भिंत नव्हे, मातीची. खणताना उभी कापून ठेवलेली, एकावर एक थर दाखवणारी. मार्लेन थांबली आणि शेवंताबाईंकडे वळून हसत म्हणाली, "प्रोफेसर, ही तुम्ही वाचा. मला ऐकायचंय."

मी मराठीत सांगितलं. फोटो काढणारे भिंतीकडे वळले. प्रशांत सगळ्यांच्या मागे उभा होता. त्याच्या टॉर्चचा उजेड त्याच्याच बुटांवर पडला होता.

शेवंताबाईंनी चष्मा पुसला. "उजेड समोरनं नगं. आडवा धरा. समदे ह्या अंगाला या."

सगळी मंडळी निमूट एका बाजूला सरकली. टॉर्च आडवे झाले आणि सपाट दिसणाऱ्या मातीवर रेघाच रेघा उमटल्या. शेवंताबाई हात न लावता, वीतभर अंतरावरून बोट फिरवत वरून खाली आल्या.

"ही भर घातलीया. ही जळकी रेघ. चुलीची न्हाई, लांबलचक हाये, घरं जळाली आसतील. आन हितं बग, रेघ तुटली. कुनीतरी मागनं वरनं खड्डा घेतलाय. खांबासाठी आसंल."

मी सांगत होते, मार्लेन मान डोलवत होती.

"खड्डा घेतला आन तसाच ऱ्हायला. बुडाला गाळाची बारीक पट्टी दिसती का? पाऊस झाला. दोन-तीन दिस काम बंद व्हतं." शेवंताबाईंनी बोट मागे घेतलं. "बायांचा रोज बुडाला आसंल."

बाकी सगळ्यांनी त्या भुयारात बादशहा पाहिले होते, बिशप पाहिले होते. ह्या बाईंना पावसात बसून राहिलेले मजूर दिसले.

मार्लेन भिंतीजवळ गेली आणि गुडघ्यांवर बसून ती पट्टी बघत राहिली. "गाळ मी कितीदा दाखवलाय लोकांना," ती म्हणाली. "पण तेव्हा कामावरची माणसं काय करत होती, हे माझ्या मनात कधी आलं नाही." ती उठली. "तुम्ही हे कुठे शिकलात? कुठल्या विद्यापीठात?"

शेवटी विचारलंच कुणीतरी. मी ते मराठीत सांगितलं. मागे प्रशांतच्या टॉर्चचा उजेड बुटांवरून हलला.

"पाट्या वाहिल्या," शेवंताबाई म्हणाल्या. "रोजानं, बावीस हंगाम. शाळा चौथी."

आणि मी मार्लेनकडे वळले. माझ्या अंगात आजोबांचा छापखाना सुरू झाला. मी इंग्रजीतून सांगितलं की ह्या बाईंच्या नावाची कुठल्याही ग्रंथात नोंद नाही, की विद्वानांच्या कीर्तीचे मनोरे असल्याच अनाम हातांवर उभे आहेत, की कष्टाची लाज वाटणारा आमचा वर्ग आज त्यांना खोट्या पदवीत लपवायला निघाला आहे, आणि हा फलक म्हणजे त्या अन्यायाचा... इथे माझी बाही ओढली गेली.

"मी येवढं बोलले?"

"काकू, अर्थ तोच आहे."

"मी तीन गोष्टी बोलले. तू किती बोललीस?" शेवंताबाईंनी टॉर्च आधी दामलेसाहेबांवर मारला, मग माझ्यावर. "ह्यांनी वरनं डाक्टर टाकला. तू खालनं तुजं पत्रक ढकललंस. मदी माझा थर केवढा ऱ्हायला? परत सांग तिला. माझं तेवढंच सांग."

मी परत सांगितलं. पाट्या वाहिल्या. रोजाने, बावीस हंगाम. शाळा चौथी. इंग्रजीत ते ह्याहूनही छोटं झालं.

भुयारात कुणीतरी खोकलं. मग दामलेसाहेबांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि सगळ्यांनी वाजवल्या. कुठल्याही अडचणीतून आमचं मंडळ टाळ्या वाजवत बाहेर पडतं.

मार्लेनने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने कोपऱ्यातली लाल-पांढऱ्या पट्ट्यांची फूटपट्टी आणली आणि शेवंताबाईंसमोर धरली. भिंतीशी उभं राहून ही धराल का, मला फोटो हवाय. शेवंताबाईंचा चेहरा उजळला. पट्टी हातात आली न आली तोच ती भिंतीला सरळ ओळंब्यात उभी राहिली, आणि तितक्याच सहजपणे त्या स्वतः झुकून चौकटीबाहेर गेल्या. भिंतीशी उरला हात. मनगटावर बांगड्या.

मार्लेनने कॅमेरा खाली घेतला. "नाही, नाही. चेहरासुद्धा."

"चेहरासुद्धा," मी सांगितलं. एक अक्षर जास्त नाही.

"चेहरा कशाला? उंची कळाया पट्टी बास हाये." आणि त्या आणखी थोड्या बाहेर झुकल्या. त्यांना वाटलं, अजून पदर येतोय.

मार्लेनने दोन फोटो काढले. एकात नुसता हात आहे. दुसऱ्यात शेवंताबाई "झालं का?" असं विचारायला वळल्या आहेत. तोंड उघडं आहे, चष्म्यावर टॉर्चचा उजेड आहे आणि फोटो जरा हललेला आहे. मार्लेनने तो हललेलाच पाठवला.

वर चौकात आलो तर प्रशांत नव्हता. तो आधीच निघून गेला होता.

चार दिवस तो आईशी बोलला नाही. ऑफिसला जाताना डबा न्यायचा, आल्यावर घासून ठेवायचा. मी त्याच्याशी बोलू का, असं शेवंताबाईंना विचारलं. "नगं," त्या म्हणाल्या. "तुझं बोलनं लांबतं." त्या फ्रीजर भरत होत्या. परतीचा दिवस जवळ आला होता आणि मुलाला दोन महिने पुरेल एवढी मेथी, वाटणं आणि पोळ्या पिशव्यांत जात होत्या. प्रत्येक पिशवीला दोन चिठ्ठ्या.

मंडळाच्या पत्रिकेत सहलीचा वृत्तांत आला. 'डॉ. शेवंता गायकवाड यांनी ओघवत्या शैलीत विवेचन केलं. "मी पाट्या वाहिल्या" अशा शब्दांत त्यांनी आपल्या विनम्रतेचं दर्शन घडवलं.' माणूस स्वतःच्या तोंडाने सांगतो तेही आपण भूषण म्हणून त्याच्या अंगावर चढवतो आणि पुढे निघतो. मी खवळून वहीतली ती दोन वाक्यं जशीच्या तशी दामलेसाहेबांना पाठवली. जागेअभावी घेता आली नाहीत, असं उत्तर आलं.

आणि त्या निघाल्या त्या सकाळी दामलेसाहेब स्वतःची गाडी घेऊन दारात हजर. "आमच्या डॉक्टरांना काय ट्रेनने पाठवायचं?" माणूस वाईट नाही. मी दरवाजा धरून खाली उभी होते.

इथल्या जुन्या घरांचा जिना म्हणजे पायऱ्या घातलेली शिडी. रुंदी एका माणसाची, पायरीवर निम्मंच पाऊल मावतं. मोठं सामान इथे लोक खिडकीतून दोर लावून उतरवतात. प्रशांत आईची भली मोठी बॅग घेऊन वर उभा होता. बाजूला धरली तर मावेना. पुढे धरली तर पायरी दिसेना. एकदा वळणावर अडकली, ती परत वर ओढली.

"कडंनं जायाची न्हाई," वरून शेवंताबाईंचा आवाज आला. "वरनं जाईल."

मी मान वर करून पाहिलं. त्यांनी गळ्याभोवतीचा मुलाचा लोकरी मफलर काढला, दोन पीळ दिले, गोल गुंडाळला. पाटीखाली डोक्यावर ठेवायची चुंबळ झाली. ती त्यांनी प्रशांतसमोर धरली.

प्रशांतने खाली पाहिलं. खाली मी, माझ्यामागे गाडीची डिकी उघडून दामलेसाहेब.

"आई, लोक आहेत खाली."

"आसू दे. जिना येकच हाये."

त्याने बॅग पायरीवर टेकवली. मग त्याने मान वाकवली. शेवंताबाईंनी चुंबळ त्याच्या डोक्यावर बसवली, जरा मागे सरकवली, आणि दोघांनी मिळून बॅग वर चढवली. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसचं कार्ड, डोक्यावर बॅग. एक हात बॅगेला, दुसरा भिंतीला. तो एकेक पायरी उतरू लागला. मागे शेवंताबाई, त्याच्या पाठीला दोन बोटं टेकवून.

"कडेवर पाय देऊ नको. हां. आता दुसरा."

दामलेसाहेब धावत दारात आले. "अरे, अरे, प्रशांत! डोक्यावर काय घेतलंस? थांब, मी धरतो!"

प्रशांतची मान ताठ होती, नजर समोर होती. तो थांबला नाही.

"राहू द्या, दामलेसाहेब," तो म्हणाला. "आमच्याकडे असंच नेतात. आईने बावीस वर्षं..."

"बोलू नको," मागून शेवंताबाई म्हणाल्या. "मान हलती."